खारासुराचे समुपदेशन

नवी मुंबईतील कुटुंबे रविवारी मॉलमध्ये जातात, सरकत्या जिन्याने वर जातात, सरकत्या जिन्याने खाली येतात आणि यालाच सहल समजतात, ही गंभीर बाब मध्यंतरी वरच्या पातळीवर लक्षात आली. वरच्या पातळीवरची मंडळीही त्याच रविवारी त्याच जिन्यावर होती, म्हणूनच ती लक्षात आली. कुटुंबांना संस्कृतीकडे वळवणे तातडीचे ठरले आणि त्यासाठी 'कुटुंबस्नेही मुक्तनाट्य व संस्कृती पर्यटन मार्ग कक्ष' स्थापन झाला. नाव इतके लांबले की पाटी दारावर मावेना. ती दारावरून सुरू करून खिडकीपर्यंत नेली, आणि त्यामुळे खिडकी कायमची बंद झाली.

कक्षप्रमुख म्हणून नंदकिशोर बिवलकर यांची नेमणूक झाली. बिवलकर त्याआधी मलनिःसारण विभागात होते. "काम एकच आहे हो," रुजू होताना ते म्हणाले, "साचलेलं काय आहे ते शोधायचं आणि उतार देऊन पुढे न्यायचं." मनुष्य सज्जन होता. नाटकाशी त्यांचा संबंध शाळेत एकदा आला होता. तेव्हा ते झाड झाले होते. झाडाला टाळ्या पडत नाहीत हे त्यांना त्या वेळीच कळले, आणि पुढे नोकरीत त्याचा उपयोग झाला.

त्यांच्या मदतीला क्षिप्रा नावाच्या सल्लागार आल्या. त्या अनुभवांची रचना करतात, असे त्यांनी सांगितले. पहिल्याच बैठकीत त्यांनी मार्गाचे सूत्र मांडले. "सर, फॅमिलीला काय हवं असतं? पार्किंग, टॉयलेट आणि फोटो. मध्ये जो गॅप राहील तो आपण कल्चरने भरू."

बिवलकरांनी कोपरखैरणे ते कामोठे अशी नकाशावर रेष मारली. रेष सुरेख आली. फक्त तिच्यावर संस्कृती नव्हती, सेक्टर होते. आठवडाभर गाडी फिरवल्यावर एका चौकात एक भव्य शिल्प सापडले. जवळ जाऊन पाहता तो बिवलकरांच्याच जुन्या विभागाने विसरलेला पाइप निघाला. त्याला 'मुक्तशिल्प' म्हणून मार्गात घेतले आणि काम पुढे चालू ठेवले. शेवटी कोणीतरी सांगितले की करावे गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला चिंबोरीपाडा म्हणून वस्ती आहे, आणि तिथले लोक गावदेवीच्या जत्रेला मैदानात स्वतःचे नाटक करतात.

हे खरे होते. चिंबोरीपाड्याचे नाटक एकच, 'खारासुराचा वध'. खारासुर हा खाडीतला राक्षस. तो भरतीबरोबर येतो, भातखाचरे गिळतो आणि "भूक! भूक!" अशी आरोळी ठोकतो. मग गावच्या बायका त्याला गोड बोलून सांगतात, की जाळ्यापलीकडे ताट वाढलेय, एवढ्या भोकातून डोके घाल. तो डोके घालतो आणि अडकतो. मग प्रेक्षक त्याला कुरमुरे फेकून मारतात. खारासुराला मारण्याचा अधिकार पात्रांना नाही, प्रेक्षकांनाच आहे. कुरमुरे पडत राहतील तोवर राक्षसाने मरत राहायचे असते, आणि लोक खूश असले तर मरण बराच वेळ चालते.

खारासुराचे काम जयमाला करायची. आधी तिचे वडील करायचे, त्यांचा आवाज पोरीकडे आला. एरवी ती बेलापूरच्या एका कॉल सेंटरमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून ती मऊ आवाजात "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असे म्हणायची. ज्यांच्यासाठी दिलगीर व्हायचे ते लोक तिला वाटेल ते बोलायचे आणि ती पुन्हा दिलगीर व्हायची. वर्षातून एक संध्याकाळ तिला दिलगीर न होता ओरडता येत होते. त्या एका आरोळीवर ती उरलेले वर्ष काढायची.

पाहणीसाठी बिवलकर आणि क्षिप्रा रविवारी भर दुपारी पोचले. मैदानभर चटया अंथरलेल्या होत्या, कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते आणि माणूस एकही नव्हता. चिंबोरीपाड्यात तालीम असली तरी लोक दुपारीच चटई टाकून जागा धरतात आणि घरी जाऊन झोपतात. कोणाची चटई कुठे हे आजोबांच्या काळापासून ठरलेले आहे. बिवलकरांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी 'बेवारस आच्छादन' अशी नोंद करून गाडी मागवली आणि सगळ्या चटया उचलून नेल्या.

दुसऱ्या दिवशी कक्षाच्या दारात गोजराबाई उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेतली डावीकडची चटई त्यांची. वय झालेले, आवाज मात्र खाडीपलीकडे जाणारा.

"माजी चटई कोनी उचलली?"

"बाई, तिथं कोणीच नव्हतं," बिवलकर म्हणाले.

"चटई हाय म्हंजे मानूस हाय! मग तो झोपला असंल, नायतर पानी भराला गेला असंल. यो शेंबड्या पोराला ठाव हाय. तुमाला शालेत काय शिकवलं?"

शाळेत झाड केले होते, हे बिवलकरांनी सांगितले नाही. चटया परत गेल्या, पण ढिगाने. कोणाची कुठली यावरून पाड्यात तीन दिवस भांडण चालले. त्याची कक्षाने 'आसनव्यवस्थेतील अनागोंदी' अशी दखल घेतली आणि नाटकाचे नियोजन आपल्या हाती घेणे अपरिहार्य असल्याचे ठरवले.

जयमालाला चर्चेसाठी बोलावणे आले. ती सुट्टी टाकून आली, सोबत गोजराबाई न बोलावता आल्या. क्षिप्रांनी नाटक वाचून त्यावर लाल खुणा केल्या होत्या. नाटकात काळ्या शाईपेक्षा लाल जास्त झाली होती.

"नाटक छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त राक्षस, आरोळी, फसवणूक, वध आणि कुरमुरे एवढं काढायचं."

"मग राहतं काय?" जयमालाने विचारले.

"भातखाचरं राहतात. ती व्हिज्युअली खूप सुंदर आहेत."

बिवलकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "वध म्हणजे जरा टोकाचं होतं ना. लहान मुलं येणार. त्याऐवजी दुसरं काही करता येईल का? बदली वगैरे?"

"राक्षसाची बदली?"

"दुर्गम भागात."

यावर बरीच साधकबाधक चर्चा झाली. बदलीने प्रश्न सुटत नाही, फक्त दुसऱ्या गावाला जातो, हे बिवलकरांनी अनुभवावरून मान्य केले. तेव्हा क्षिप्रांनी तोडगा काढला. खारासुर मुळात वाईट नाही, त्याला भूक हाताळता येत नाही, एवढेच. त्यामुळे त्याचे समुपदेशन करावे. सुधारित नाटकात खारासुर हसतमुखाने प्रवेश करतो, हात धुतो आणि खुर्चीवर बसतो. गावच्या बायका त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात. शेवटी तो भात सोडून नाचणीवर येतो आणि मुलांबरोबर फोटो काढतो.

"आणि आरोळी?" जयमाला म्हणाली. आवाज मऊच होता, पण गोजराबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिले.

"आरोळी ठेवू या की," बिवलकर उदारपणे म्हणाले. "फक्त मनातल्या मनात."

जयमाला उठली. "सर, आपल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे. पण हे काम मी करणार नाही." आणि ती गेली. जिन्यात गोजराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिचे डोळे भरले होते. जत्रा महिन्यावर आली होती आणि या वर्षी ओरडायला जागा नव्हती.

नाटक 'तूर्त स्थगित' झाले. नाटकाचा अडथळा दूर झाल्याने मार्गाचे काम झपाट्याने सुरू झाले. प्रेक्षक बसायचे त्या जागेवर पार्किंग आले. पार्किंगला आत यायला रस्ता, बाहेर जायला रस्ता आणि चुकून आत आलेल्यांना वळायला चौक लागला. मग हिरकणी कक्ष, हात धुण्याची जागा, बाबागाडीसाठी लाल फरशी आणि रांगेसाठी स्टीलचे कठडे आले. मातीचा रंगमंच तेवढा उरला. त्यावर 'नाट्यानुभव बिंदू' उभारला. बिंदू म्हणजे प्लायवूडचा हसरा खारासुर, त्याच्या भोवती शोभेचे जाळे आणि तोंडाच्या जागी भोक. पर्यटकाने मागून डोके घालायचे आणि फोटो काढून घ्यायचा. वाटेवर सूचनांच्या पाट्या लागल्या: 'येथे थांबा', 'येथे कुटुंबासह आनंद घ्या', 'येथून परत फिरा'.

पहिल्याच रविवारी मार्गाला तुडुंब गर्दी झाली. चिंबोरीपाड्याच्या लोकांना मात्र रविवार आला की चटई उचलायची सवय. मैदान गेले होते, म्हणून त्यांनी समोरच्या खाडीच्या बांधावर चटया टाकल्या. बांध उंच असल्याने तिथून उलट चांगले दिसत होते. फक्त बघायला काही नव्हते, म्हणून ते पर्यटकांकडे बघत बसले.

कोपरखैरण्याचे कृष्णात आणि मंजुषा दोन मुले घेऊन आले होते. मूळचे साताऱ्याकडचे, कृष्णात तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला. अर्धा तास रांगेत उभे राहून तो बिंदूपर्यंत पोचला आणि भोकातून डोके काढून म्हणाला, "आता नाटक कुठं हाय?"

"आवो, आधी फोटो काढू द्या. जरा हसा की," मंजुषा खालून म्हणाली.

"राक्षस हाय मी. हसू कसा?"

तेवढ्यात बांधावरून गोजराबाईंचा आवाज आला. "मोठ्यानं बोल रं! मागं काय आयकाला येत नाय!"

कृष्णात दचकला. गावाकडचा माणूस, वडीलधाऱ्या बाईने सांगितलेले टाळता येईना. त्याने छाती भरून घेतली. "राक्षस हाय मी! हसू कसा!"

"घरी असंच असता की!" मंजुषाही आता मोठ्याने म्हणाली. "तिथं कुनी फोटो काढत न्हाई म्हनून बरं!"

बांध खदखदून हसला. टाळ्या पडल्या. कोणीतरी "वन्स मोर!" अशी हाळी दिली. कृष्णातने मान वळवून बायकोकडे पाहिले, बायकोने पदर सारखा केला, आणि दोघांनी तो प्रवेश पहिल्यापासून पुन्हा केला. दुसऱ्यांदा जास्त चांगला झाला. रांगेतले लोक मात्र कपाळाला आठ्या घालून मोबाइलमध्ये वेळ बघत होते, आणि तेही बांधावरून फार छान दिसत होते.

जयमाला शेवटच्या चटईवर बसली होती. तिने 'येथे थांबा'ची पाटी वाचली. मग पाटीपाशी थांबलेले लोक पाहिले. मग 'येथे कुटुंबासह आनंद घ्या' आणि तिथे आनंद घेणारी कुटुंबे पाहिली. त्या चर्चेनंतर ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी तिने बिवलकरांना फोन लावला, कॉल सेंटरच्या आवाजात. "सर, पर्यटकांच्या सोयीसाठी गावातर्फे आणखी थोड्या पाट्या लावल्या तर चालतील का?"

बिवलकरांना गहिवरून आले. लोकसहभाग हा शब्द त्यांनी आजवर फक्त लिहिला होता, पाहिला नव्हता. त्यांनी मजकूर मागवला, तपासला आणि त्यात आक्षेपार्ह काही न आढळल्याने मंजूर केला. पाट्यांवर कॅमेऱ्याचे चित्र काढावे, एवढी सूचना क्षिप्रांनी केली आणि ती फार मोलाची ठरली. 'करू नये' अशी पाटी आपल्याकडे कोणी पाळत नाही, पण खाली कॅमेरा काढून 'करावे' असे लिहिले तर माणूस काहीही करतो.

जत्रेची संध्याकाळ आली. बांधावर ठरलेल्या जागी चटया पडल्या. या खेपेस माणसेही वेळेवर येऊन बसली. मार्गावर गर्दी होती. गणवेशासारखे एका रंगाचे टी-शर्ट घातलेली कामोठ्याची एक अख्खी सोसायटीही आली होती. पाहणीसाठी बिवलकर आणि क्षिप्रा आले, आणि आपलाच मार्ग असल्याने पाट्या वाचत चालू लागले.

पहिली पाटी: 'महिलांनी हातात पिशवी घेऊन या बाजूला जमावे.' क्षिप्रा जमल्या, सोसायटीच्या बायका आधीच जमल्या होत्या. पुढची पाटी: 'भूक लागली असल्यास येथे सांगावे. निसर्ग प्रतिसाद देतो.' बिवलकर सकाळपासून बैठकीत होते.

"भूक लागलीय," ते म्हणाले.

"मोठ्यानं!" निसर्गाने प्रतिसाद दिला. तो बांधावरून, पहिल्या रांगेच्या डावीकडून आला.

"भूक लागलीय!" बिवलकर ओरडले. त्यांना स्वतःलाच नवल वाटले. नोकरीत इतक्या मोठ्याने ते काहीच बोलले नव्हते.

बायकांसमोर पाटी होती: 'भुकेल्यास जाळ्याकडे पाठवावे.' क्षिप्रांनी कॅमेऱ्याचे चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "सर, तिकडे जा ना, फोटो मस्त येईल." सोसायटीच्या बायकांनीही आग्रह केला. बिवलकर रंगमंचावर चढले. 'येथे डोके घालावे.' त्यांनी घातले.

आणि त्यांच्या मागून, प्लायवूडच्या आडून, जयमालाने आरोळी ठोकली.

वर्षभराच्या सगळ्या दिलगिऱ्या त्या आरोळीत होत्या. पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले. खाडीतले बगळे उडाले. बिवलकरांचे तोंड भीतीने उघडले ते इतके नेमके, की आवाज त्यातूनच निघाला असे वाटावे. असा खारासुर पाड्याने पाहिला नव्हता. मुले घाबरली नाहीत, ती आनंदाने किंचाळली.

कठड्याला पिशव्या लटकत होत्या, वर शेवटची पाटी: 'कुरमुरे घ्यावेत व समोर उधळावेत.' सोसायटीने पिशव्या फोडल्या. बांधावरून कुरमुरे आले, रांगेतून कुरमुरे आले. भोकातल्या चेहऱ्यावर नुसता मारा झाला.

"सर!" क्षिप्रा ओरडल्या. "कुरमुरे आपण रद्द केले होते!"

"मर आता!" गोजराबाई ओरडल्या.

बिवलकरांना मरायचे कसे ते ठाऊक नव्हते. पण स्थिर उभे राहण्याचा लहानपणचा सराव होता. ते तसेच उभे राहिले, डोळे मिटले आणि वाऱ्यावर झाड कलते तशी मान हळूहळू एका बाजूला टाकली. मग टाळ्या पडल्या. बांधावरून पडल्या, रांगेतून पडल्या, हिरकणी कक्षाच्या दारातून पडल्या. "वन्स मोर!" बिवलकरांनी एक डोळा उघडला. चटया त्यांना तेव्हा दिसल्या, माणसांसकट. त्यांचे डोळे पाणावले, आणि क्षिप्रांना ते कुरमुऱ्यांमुळे वाटले.

"अजून कुरमुरे आहेत का हो?" त्यांनी भोकातून विचारले आणि पुन्हा मेले.

कक्षाच्या अहवालात या संध्याकाळची नोंद 'नाट्यानुभव बिंदूची क्षमता-चाचणी, समाधानकारक' अशी झाली. समुपदेशनाचे नाटक आपोआप रद्द झाले, कारण राक्षस आता खात्यातलाच होता. जयमालाचा आवाज आठवडाभर बसला. त्या घोगऱ्या आवाजात ती "आम्ही दिलगीर आहोत" म्हणाली की तक्रार करणारे स्वतःच माफी मागून फोन ठेवत. बिवलकर अजूनही रविवारी पाहणीला येतात. बांधावर आपल्यालाही एक चटई मिळावी, असे त्यांनी एकदा सुचवून पाहिले. गोजराबाई म्हणाल्या, "काम करनाऱ्याला चटई नसतं." त्या दिवसापासून ते जास्तच खुशीत असतात.

मार्ग यशस्वी आहे. कुटुंबे येतात, पाट्या वाचतात, फोटो काढतात आणि 'सोयी उत्तम, मात्र नाटक बघायला मिळाले नाही' असा अभिप्राय देऊन जातात.

तुम्हीही तसाच दिलात. गेल्या रविवारी निळा चौकटीचा शर्ट घालून आला होतात, रांगेत धाकट्यावर खेकसलात, मग फोटोसाठी त्याला जवळ ओढून हसलात, आणि फोटो झाल्यावर पुन्हा खेकसलात. चिंबोरीपाड्याने निरोप दिलाय, तो सांगतो. काम झकास झाले, वहिनींचे त्याहून झकास. खेकसणे मागपर्यंत ऐकू आले, हसणे मात्र नीट पोचले नाही, तिथे मेहनत घ्या. आणि येत्या रविवारी येताना तोच शर्ट घाला, तुमचा प्रवेश अर्धा राहिलाय.